रात्रीच्या रेल्वेत फोन कसा वापरावा

रेल्वेच्या डब्यात रात्री १० नंतर फोनवर मोठ्याने बोलायला आणि इअरफोनशिवाय गाणी किंवा व्हिडिओ लावायला मनाई आहे. मधला बर्थ लागला की तुमचा फोन खालच्या माणसाच्या कानापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो. म्हणून आडवं होण्याआधीच फोन व्हायब्रेटवर टाका, स्क्रीनचा उजेडही कमी करा. बोलणं अगदीच गरजेचं असेल तर दाराजवळच्या मोकळ्या जागेत जा. उघड्या दारात मात्र उभं राहू नका.

पहाटे उतरायचं असेल तर गजरही व्हायब्रेशनवरच लावा आणि फोन उशाखाली ठेवा. चार्जिंगला लांब लावलेल्या फोनचा गजर वाजत राहतो, मालक गाढ झोपेत आणि अख्खा कंपार्टमेंट जागा! तान्हं बाळ घेऊन निघालेल्या आईचे तर फार हाल होतात, तिचा विचार आधी करा.

शेजारी कुणी मोठ्याने व्हिडिओ बघत असेल तर हळूच सांगा, "काका, आवाज जरा कमी करता का? आजी झोपल्यात." बहुतेक जण लगेच ऐकतात. नाहीच ऐकलं तर टीसींना सांगा किंवा रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर तक्रार करा.