पीप्रॉफमध्ये मेमरी दिसत नाही? या चुका टाळा

गो भाषेतल्या सर्व्हिसचं हीप प्रोफाइल (कुठल्या फंक्शनने किती मेमरी घेतली याचा अहवाल) काढलं, पीप्रॉफ या टूलमध्ये उघडलं, त्यात आपलं फंक्शन दिसलं नाही, की "टूलमध्येच बग आहे" म्हणून मोकळे होणारे मला दर महिन्याला भेटतात. डॉक्युमेंटेशनचं पान मात्र कुणी उघडलेलं नसतं.

पहिली चूक म्हणजे हीप प्रोफाइलला किराणा दुकानाची वही समजणं. प्रत्येक अलोकेशन (मेमरी घेणं) त्यात लिहिलं जात नाही. मेमप्रोफाइलरेट, म्हणजे नोंदी किती अंतराने घ्यायच्या ते ठरवणारं सेटिंग, मुळात ५१२ केबी असतो, म्हणजे सरासरी तेवढी मेमरी वाटल्यावर एक सॅम्पल. ६४ बाइटचं स्ट्रक्ट साधारण ८,१९२ वेळा बनवाल तेव्हा एकदा सापडेल. टेस्टमध्ये शंभर बनवून ती शोधू नका. रेट १ केला की सगळं नोंदलं जातं, पण प्रोग्राम रडतखडत चालतो. शिवाय रेट मधेच बदलला तर पीप्रॉफ आधीच्या सॅम्पलचा हिशोबही नव्या रेटने करतं आणि आकडे बिनबुडाचे होतात. मी कोडला हात लावत नाही; गोडीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मेमप्रोफाइलरेट देऊनच प्रोग्राम सुरू करतो.

दुसरी चूक माझी स्वतःची. थंबनेल बनवणारी आमची सर्व्हिस १ जीबीची मर्यादा ओलांडून मरायची आणि प्रोफाइल सांगायचं ९० एमबी. दोन रात्री मी कॅशवर (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यावर) संशय घेतला, ती छोटी केली, मग काढूनच टाकली. पॉड (सर्व्हिस ज्यात चालते तो कंटेनर) मरतच राहिला. सोबतच्या एका उत्साही मुलाने तर गोची आवृत्तीही बदलून पाहिली. शेवटी कळलं की इमेज लायब्ररी सी भाषेतली होती, सीगोतून (गोमधून सीचा कोड चालवण्याची सोय) बोलावलेली. सीच्या मॅलॉक या फंक्शनने घेतलेली मेमरी गोच्या हीप प्रोफाइलमध्ये येतच नाही. फाइल खराब निघाली की आमचं फंक्शन ती मेमरी फ्री न करताच परतायचं. फ्री करणारा एक डिफर (फंक्शन परतताना चालणारी ओळ) टाकला आणि लीक थांबला.

तेव्हापासून प्रोफाइल उघडण्याआधी मी कागदावर दोन आकडे लिहितो: प्रोसेसचा आरएसएस (तिने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी) आणि गोच्या मेमस्टॅट्समधला सिस (गोने ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेली एकूण मेमरी). आरएसएस सिसपेक्षा फारच जास्त असेल तर पीप्रॉफ बंद करतो आणि सीचा कोड उघडतो.

बाकी किरकोळ. प्रोफाइलची फाइल रिकामी आली तर प्रोग्रामच्या शेवटी लॉग.फेटल किंवा ओएस.एक्झिट आहे का बघा, त्यात डिफर चालत नाहीत, म्हणजे फाइल लिहिणारा डिफरही नाही. आकडे शेवटच्या पूर्ण झालेल्या जीसीपर्यंतचे (नको असलेली मेमरी गोळा करण्याची फेरी) असतात, म्हणून प्रोफाइल लिहिण्याआधी रनटाइम.जीसी बोलवा. मेमरी घेऊन लगेच सोडणारं फंक्शन इनयूज_स्पेसमध्ये (आत्ता वापरात असलेली मेमरी) दिसणार नाही, अलॉक_स्पेस (आजवर घेतलेली सगळी) लावा. आणि "ड्रॉप्ड नोड्स" अशी ओळ वरच छापलेली असते, ती वाचा हो! छोटे नोड, म्हणजे कमी मेमरी घेणारी फंक्शनं, पीप्रॉफनेच लपवलेले असतात. नोडफ्रॅक्शन हा पर्याय ० केला की बाहेर येतात.