मासे वर येऊन धापा टाकतायत? टाकीतला ऑक्सिजन असा सांभाळा

सकाळी दिवा लावण्याआधी टाकीत डोकावा. मासे पृष्ठभागाला चिकटून तोंडाची उघडझाप करतायत, कल्ले भराभर हलतायत आणि दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतंय, तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय. उजेडात वनस्पती तो तयार करतात. अंधारात त्याच वनस्पती, मासे आणि फिल्टरमधले जीवाणू मिळून तो संपवतात. बेटा आणि गोरामी जातीचे मासे मात्र एरवीही वर येऊन हवा घेतात, त्यांच्यावरून अंदाज बांधू नका. दिवसभर धापा चालू असतील तर आधी पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट, तपासा. त्यांची बाधा झाली असेल तर नुसती हवा सोडून भागत नाही.

ऑक्सिजन मोजायला थेंबांचं टेस्ट किट पुरतं. बाटली पाण्यात बुडवूनच भरा आणि आतच झाकण लावा. एखादा बुडबुडा राहिला तरी आकडा फुगतो. मोजणी दिवा लावण्याआधीची हवी, संध्याकाळचा आकडा फसवा असतो. गोड्या पाण्यात लिटरला 6 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निर्धास्त राहा, 4 च्या खाली गेला तर लगेच हालचाल करा. पाणी 20 अंशांना जास्तीत जास्त 9.1 मिलिग्रॅम धरतं, 30 अंशांना 7.5, आणि नेमकी तेव्हाच माशांची गरज वाढलेली असते. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर उपाय म्हणून तापमान चढवताना एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांतून सोडणारा सच्छिद्र दगड) आधी लावायचा तो यासाठीच.

ऑक्सिजन बुडबुड्यांतून मिळतो हा समज अर्धवट आहे. बुडबुडे वर चढताना खालचं पाणी सोबत ओढतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात. बहुतेक देवाणघेवाण तिथेच होते. 60 × 30 × 30 सेंटिमीटरची टाकी आडवी ठेवली तर हवेला 1800 चौरस सेंटिमीटर मिळतात, तीच उभी केली तर 900. पाणी दोन्हीकडे 54 लिटरच! उंच टाकीत मासे कमी ठेवा.

फिल्टरचा झोत पृष्ठभागाच्या किंचित खाली, वरच्या दिशेने वळवा. अख्ख्या टाकीत बारीक लहरी दिसायला हव्यात. वर तेलकट तवंग असेल तर साधा कागद पसरून उचला. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. ते जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज जाताच पाणी उलटं नळीतून पंपात उतरतं. बुडबुडे मोठे आणि मोजकेच येऊ लागले की एअर स्टोन चोंदलाय, बदलून टाका. वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर दिवा मालवायच्या तासभर आधी बंद करा.

मासे आत्ताच धापा टाकत असतील तर खाणं थांबवा आणि 30 ते 50 टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं हवं. वीज नसेल तर मगाने टाकीतलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, दर काही मिनिटांनी. बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर काही तास थांबला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका: आतलं कुजकट पाणी फेका, मीडिया (फिल्टरमधला स्पंज वगैरे) टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मगच बटण दाबा.