फिगर ड्रॉइंगसाठी ॲनाटॉमी शिकताय? मग या चुका टाळा

ॲनाटॉमी शिकायची म्हटलं की बहुतेक जण मसल्सची नावं पाठ करायला बसतात, आणि शरीरात ६०० च्या वर मसल्स आहेत म्हटल्यावर दम निघतोच. आणि पाठ झाली तरी पोझ काढताना काही सुचत नाही ते वेगळंच. आधी हाडं बघा ना, तीही सगळी २०६ नाही, फक्त कातडीला लागून असतात ती. कॉलरबोन, कोपराचं टोक, कमरेला पुढून दोन्हीकडे हाताला लागणारी टोकं, गुडघ्याची वाटी, नडगी, घोटे. एवढं जागेवर बसलं की मसल्स कुठून कुठे जातात ते कळायला लागतं. (घोट्यांत आतला वर असतो आणि बाहेरचा खाली, लोक सर्रास दोन्ही एका लेव्हलला काढतात.)

सगळ्यात जास्त घोळ कोपर ते मनगट या भागात होतो. सरळ पाइप काढायचा आणि पुढे पंजा चिकटवायचा, मग हात पालथा दाखवायचा असला की नुसतं मनगट पिळायचं. असं नसतं हो. आत दोन हाडं आहेत, करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. तळहात वर असताना दोन्ही शेजारीशेजारी, पालथा केला की रेडियस अल्नाच्या वरून तिरकं जातं, म्हणजे पीळ अख्ख्या भागात पडतो. आत्ता करून बघा, कोपराच्या टोकावर बोट ठेवा आणि करंगळीच्या बाजूने मनगटापर्यंत घसरवत न्या, सलग हाड लागतं. ती रेघ आधी काढा, बाकीचं तिच्याभोवती. आणि कोपराजवळ गोलसर, मनगटाजवळ चपटं, हे विसरू नका.

दुसरा घोळ, खांदा आहे तिथेच ठेवून फक्त हात उचलायचा. हात पूर्ण वर गेला की त्या साधारण १८० डिग्रीतल्या ६० च्या आसपास पाठीवरचं स्कॅप्युला (खांद्याचं पसरट हाड) फिरल्यामुळे येतात, त्याच्याबरोबर कॉलरबोनचं बाहेरचं टोकही वर चढतं. ते दाखवलं नाही तर हात नंतर जोडल्यासारखा दिसतो.

सगळे मसल्स एकदम फुगवू पण नका. कोपर वाकवून वजन उचललं तर दंडाचा पुढचा भाग आखडतो, मागचा बऱ्यापैकी सैल असतो. सगळंच टाइट काढलं की नुसत्या उभ्या माणसाला पण पेटका आलाय असं वाटतं.

साडेसात डोक्यांचं माप (म्हणजे अख्खी उंची डोक्याच्या साडेसातपट धरायची) ठीक आहे, पण ते ताठ उभ्या माणसाचं, बसलेल्या किंवा तुमच्याकडे हात रोखलेल्या पोझला तेच लावत बसू नका.

आणि फिगर पडतेय असं वाटलं तर? वजन एका पायावर असेल तर त्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुतेक वेळा खांदा खाली येतो. मग गळ्याच्या खळगीतून सरळ उभी रेघ खाली सोडा, कशाला टेकलेला नसेल तर ती त्याच पायाच्या आसपास पडायला हवी. लांब पडली तर आधी पाय सरकवा, चेहऱ्याचं शेडिंग नंतर.