होमवर्क-असाइनमेंटसाठी टेम्प्लेट कसं बनवायचं आणि रोज कसं वापरायचं

असाइनमेंट लिहायला बसलं की बऱ्याच मुलांचा सुरुवातीचा वेळ कशात जातो ते बघा, नाव डावीकडे टाकू की मधे, फॉन्ट कुठला घेऊ, मागच्या वेळी हेडिंग केवढं होतं, मग शेवटी मागचीच फाइल उघडून तिच्यातला मजकूर डिलीट करत बसायचं आणि त्यात जुनी तारीख किंवा जुना प्रयोग क्रमांक तसाच राहून जातो. हे सगळं एकदाच ठरवून एका कोऱ्या फाइलमध्ये ठेवलं की झालं, त्यालाच टेम्प्लेट म्हणायचं. आणि माझं आग्रहाचं सांगणं असं की टेम्प्लेटमध्ये बॉर्डर-लोगोपेक्षा उत्तराचा सांगाडा असणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण मार्क तिथेच जातात.

मी इथे गुगल डॉक्स धरून सांगतोय कारण ते फुकट आहे आणि फोनवरही चालतं. वर्डवाल्यांसाठी आणि हाताने लिहिणाऱ्यांसाठीही खाली आहे. एक गोष्ट मात्र आधीच, तुमच्या सरांनी किंवा मॅडमनी फॉरमॅट ठरवून दिला असेल तर तोच पाळायचा, आपलं टेम्प्लेट त्या फॉरमॅटवरूनच बनवायचं.

पायरी १: आधी सांगाडा, तोही कागदावर

कॉम्प्युटर नंतर उघडा. आधी तुमच्या तपासून आलेल्या जुन्या असाइनमेंट्स किंवा वह्या समोर घ्या आणि लाल पेनाने काय काय लिहिलंय ते बघा. "एकक?" "आकृतीला नावं दे" "निष्कर्ष कुठे आहे" असे तेच तेच शेरे सापडतील. जो शेरा दोनदा आलाय त्याच्यासाठी टेम्प्लेटमध्ये एक रिकामी जागा ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी ती जागाच आठवण करून देते.

विषयाप्रमाणे सांगाडा वेगळा होतो. भूमितीच्या प्रमेयाला आकृती, पक्ष, साध्य, गरज असेल तर रचना आणि मग सिद्धता. सिद्धतेसाठी दोन कॉलमचं टेबल टाका, डावीकडे विधान आणि उजवीकडे कारण, म्हणजे कारण लिहायचं राहिलं तर रिकामा चौकोन लगेच डोळ्यात येतो. प्रयोगाला उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण तक्ता, आकडेमोड, निष्कर्ष, दक्षता. पर्यावरणाच्या प्रकल्पाला प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, विश्लेषण, निष्कर्ष, संदर्भ.

विज्ञानाच्या गणितांसाठी मात्र जरा थांबून विचार करा, कारण टेम्प्लेटचा खरा फायदा तिथेच दिसतो. दहावीचं भिंगाचं साधं गणित घ्या, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे मिळेल? टेम्प्लेटमध्ये असं टेबल ठेवायचं:

दिलेले (चिन्ह आणि एककासह): वस्तूचं अंतर −३० सेमी, नाभीय अंतर +१० सेमी
काढायचे: प्रतिमेचं अंतर
सूत्र: १/प्रतिमेचं अंतर − १/वस्तूचं अंतर = १/नाभीय अंतर
उकल: १/प्रतिमेचं अंतर = १/१० − १/३० = २/३०
उत्तर (एककासह): +१५ सेमी
पडताळणी: विशालन = १५ ÷ (−३०) = −०.५, म्हणजे प्रतिमा उलटी आणि निम्म्या आकाराची

आता "चिन्ह आणि एककासह" हे शब्द तिथे छापलेले नसते तर घाईत तो वजा राहतो, मग १/१० + १/३० करून उत्तर ७.५ सेमी येतं आणि पुढचं सगळंच चुकतं. आणि पडताळणीची ओळ असल्यामुळे उत्तर आल्यावर मुलगा क्षणभर थांबून बघतो की वस्तू दुप्पट नाभीय अंतराच्या पलीकडे आहे तर प्रतिमा लहान यायला पाहिजे, तशी आलीये का. मला विचाराल तर ही एक ओळ रंगीत बॉर्डरपेक्षा लाखमोलाची आहे.

पायरी २: पान सेट करा

आता लॅपटॉपवर डॉक्स उघडा (शाळेतला किंवा ओळखीच्यांचा कॉम्प्युटर असला तरी चालेल, हे काम एकदाच करायचंय). फाइल मेनूत पेज सेटअपमध्ये जा आणि कागद ए-फोर आहे का ते बघा. कधी कधी तिथे लेटर असतं, ते अमेरिकेतलं माप आहे, आपल्याकडे झेरॉक्सवाल्याकडे २१ बाय २९.७ सेमीचा ए-फोर असतो आणि मग प्रिंट काढताना मजकूर सरकतो. डावीकडचा समास जास्त ठेवा, फाइलला पंच करायचं असेल तर ३ सेमी, स्पायरल करायचं असेल तर साडेतीनच्या आसपास, बाकी तिन्ही बाजूंना अडीच पुरे.

मराठीतून लिहिणाऱ्यांनी फॉन्टकडे लक्ष द्या. युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही फोनवर किंवा कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं मराठीच दिसतील असा फॉन्ट. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर चित्रविचित्र इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. डॉक्समध्ये फॉन्टच्या यादीत "मोअर फॉन्ट्स"मध्ये देवनागरी निवडलं की मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, टिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट मिळतात, टिरोच्या मराठी प्रकारात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात म्हणून भाषेच्या असाइनमेंटला मला तो फार आवडतो. साइझ १२ किंवा १३, आणि ओळींमधलं अंतर दीड, कारण वरच्या मात्रा आणि खालचे उकार दाटीवाटीत वाचायला त्रास होतो.

पायरी ३: हेडिंग हाताने मोठं करू नका, स्टाइल लावा

इथे बहुतेक जण शॉर्टकट मारतात, शब्द सिलेक्ट करून बोल्ड करायचा, साइझ १६ करायचा आणि पुढे जायचं. त्याऐवजी असं करा: एक हेडिंग तुम्हाला हवं तसं बनवा, ते सिलेक्ट करून टूलबारवरच्या "नॉर्मल टेक्स्ट" लिहिलेल्या यादीत जा, तिथे हेडिंग वनच्या पुढच्या बाणावर "अपडेट हेडिंग वन टू मॅच" येतं ते दाबा. तसंच हेडिंग टू आणि साध्या मजकुराचं. आता पुढे कुठल्याही ओळीला हेडिंग वन लावलं की ती आपोआप तशीच दिसणार, आणि वीस पानांचा प्रकल्प झाला तर इन्सर्ट मेनूतून अनुक्रमणिका पान नंबरसकट स्वतःहून तयार होते. हाताने मोठ्या केलेल्या अक्षरांना डॉक्स हेडिंग समजतच नाही, त्यामुळे अनुक्रमणिका रिकामी येते.

हीच मांडणी सगळ्या नव्या फाइल्सना हवी असेल तर त्याच यादीत अगदी खाली ऑप्शन्समध्ये "सेव्ह अॅज माय डिफॉल्ट स्टाइल्स" आहे.

पायरी ४: भरायच्या जागा दिसतील अशा ठेवा

वर हेडरमध्ये नाव, रोल नंबर, इयत्ता-तुकडी, विषय टाका, हे वर्षभर बदलत नाही. खाली फूटरमध्ये पान नंबर. पहिलं पान मुखपृष्ठ असेल तर हेडरच्या ऑप्शन्समध्ये "डिफरंट फर्स्ट पेज"वर टिक करा म्हणजे तिथे पुन्हा नाव येणार नाही.

जे दर वेळी बदलतं, म्हणजे असाइनमेंट क्रमांक, शीर्षक, तारीख, त्याच्या जागी ##क्रमांक##, ##शीर्षक##, ##तारीख## असं लिहा आणि पिवळं हायलाइट करा. दोन हॅशच का, तर जमा करायच्या आधी कंट्रोल-एफ करून ## शोधायचं, एकही सापडलं नाही तर सगळं भरलंय. मित्राचं टेम्प्लेट घेतलं असेल तर त्याचं नावही असंच शोधून बघा, दुसऱ्याच्या नावाने असाइनमेंट जमा झाली की सरांना समजावता समजावता नाकी नऊ येतात.

पायरी ५: मूळ फाइलला हात लावायचा नाही

फाइलचं नाव "मूळ टेम्प्लेट – विज्ञान" असं ठेवा. नवीन असाइनमेंट आली की फाइल मेनूत "मेक अ कॉपी", फोनवर तीन टिंबांत तोच ऑप्शन आहे, आणि मग त्या कॉपीत लिहायचं. मूळ फाइलमध्येच लिहायला लागलात की ते टेम्प्लेट राहिलं नाही. वर्गाला द्यायचं असेल तर शेअरमध्ये लिंक असणाऱ्यांना फक्त बघायची परवानगी द्या आणि लिंकच्या शेवटी जो एडिट शब्द असतो तिथपासून पुढचं काढून इंग्रजीत कॉपी असं लिहून पाठवा, उघडणाऱ्याला थेट स्वतःची कॉपी करायचं बटण दिसतं. शिक्षक हे वाचत असतील तर गुगल क्लासरूममध्ये असाइनमेंटला फाइल जोडताना "मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट" निवडा, प्रत्येकाला आपापली कॉपी मिळते, एकाच फाइलमध्ये साठ जणांची झुंबड उडत नाही.

वर्ड वापरत असाल तर वरच्या पायऱ्या साधारण तशाच, मेनूंच्या जागा मात्र वेगळ्या असतात, आणि सेव्ह अॅज करताना प्रकार "वर्ड टेम्प्लेट" निवडायचा. मग त्या फाइलवर डबल क्लिक केलं की दर वेळी नवी विनानावाची फाइल उघडते, मूळ सुरक्षित राहते. आणि इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सी मॅथ्सला असाल, समीकरणांचा डोंगर असेल तर ओव्हरलीफ नावाच्या वेबसाइटवर लेटेकची (कोड लिहून कागदपत्रं आणि समीकरणं मांडायची पद्धत) तयार होमवर्क टेम्प्लेट्स आहेत, शिकायला थोडे दिवस लागतात पण समीकरणं फार देखणी येतात. त्यात मराठी लिहायचं असेल तर मेनूत कंपायलर (त्या कोडचं पान बनवणारा प्रोग्रॅम) झी-लेटेक किंवा लुआ-लेटेक करावा लागतो.

हाताने लिहायचं असेल तर

शाळेत अजून बरंच हातानेच लिहून घेतात आणि तिथेही टेम्प्लेट चालतं. कोऱ्या पानाखाली जाड रेघांचा आखीव कागद ठेवून सरळ ओळीत लिहायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, तोच कागद जरा सुधारा. एका ए-फोरवर काळ्या स्केचपेनने समास, ओळी, आणि "दिलेले, काढायचे, सूत्र, उकल, उत्तर" या शब्दांच्या जागा आखून घ्या, वर पातळ कागद ठेवला की खालचं दिसतं आणि प्रत्येक गणित त्याच मांडणीत येतं. जर्नलचा कागद जाड असेल तर हे जमत नाही, मग वहीच्या शेवटच्या पानावर शीर्षकांची यादी लिहून ठेवा आणि प्रत्येक प्रयोग लिहून झाला की एकदा तिकडे नजर टाका.

फाइल्स सापडल्या पाहिजेत

ड्राइव्हमध्ये विषयाप्रमाणे फोल्डर करा आणि एक फोल्डर फक्त मूळ टेम्प्लेट्सचा. फाइलच्या नावात आधी रोल नंबर, मग विषय, मग क्रमांक, उदाहरणार्थ २३_विज्ञान_०४. चार ऐवजी शून्य-चार लिहा, नाहीतर काही ठिकाणी दहावी असाइनमेंट चौथीच्या आधी येऊन बसते. अपलोड करायची फाइल असेल तर नाव इंग्रजी अक्षरांत टाइप करा, काही पोर्टल मराठी नाव नीट घेत नाहीत.

जमा करताना शक्यतो पीडीएफ द्या, फाइल मेनूत डाउनलोडमध्ये आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, वर्डची फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तुमचा फॉन्ट नसला तर ओळी सरकतात, तक्ता अर्धा पुढच्या पानावर जातो. पाठवण्याआधी ती पीडीएफ स्वतः एकदा फोनवर उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा.

आणि तपासून परत आली की लगेच, म्हणजे त्याच दिवशी, नवीन शेरा कुठला आलाय ते बघून मूळ टेम्प्लेट उघडा आणि त्याच्यासाठी एक ओळ वाढवा. "आलेखाला स्केल लिही" असं आलं असेल तर आलेखाच्या चौकोनावर "स्केल: एक्स अक्ष ##, वाय अक्ष ##" एवढं टाकलं की पुढच्या आलेखाला ते राहणार नाही.