ट्रिगर नाही, बाकीचं सगळं फास्ट करा (यूएसपीएसएमधे सी क्लासला अडकलेल्यांसाठी)

आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यासमोर येते राही सरनोबत, 25 मीटरवर एक हात सरळ, दुसरा खिशात, श्वास रोखलेला. शाळेत एनसीसीत असताना मीपण पॉइंट टू टू रायफल पालथं पडून मारलेली आहे, आणि उस्ताद एकच सांगायचे, घाई करू नको. मग नोकरीसाठी टेक्सासला आलो, ऑफिसातल्या एकाने रविवारी रेंजवर नेलं आणि बघतो तर काय, लोक पिस्तूल घेऊन चक्क पळतायत, खिडकीतून डोकावून दोन गोळ्या, पळता पळता मॅगझिन बदल, परत चार गोळ्या, आणि मागे एक माणूस हातात टायमर धरून त्यांच्यामागे पळतोय. हे प्रॅक्टिकल शूटिंग. जगभरात आयपीएससी, 1976 ला अमेरिकेतच सुरू झालेलं, आणि इथलं त्याचं रूप म्हणजे यूएसपीएसए. भारतात 9 एमएम प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर मिळत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्या लोकांना फारसा माहीत नसतो. पण इकडे रेंजवर आता आपली बरीच मंडळी दिसतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, अचूक तर मारतो रे, फास्ट कसं व्हायचं?

मी दोन वर्षं सी क्लासमधे (म्हणजे सर्वोत्तम स्कोअरच्या 40 ते 60 टक्क्यांच्या मधे) लटकलो होतो. कारण मला वाटायचं फास्ट म्हणजे बोट फास्ट.

आधी हिशोब समजून घ्या, कारण तो समजला नाही तर पुढचं सगळं हवेत जाईल. इथे स्कोअर म्हणजे हिट फॅक्टर, मिळालेले पॉइंट भागिले लागलेले सेकंद. टार्गेटच्या मधल्या ए झोनला 5, सी ला 3, डी ला 1 (हे मायनरचं, म्हणजे कमी ताकदीच्या गोळ्यांचं, आपल्यासारखे कॅरी ऑप्टिक्सवाले, म्हणजे पिस्तुलावर लाल ठिपक्याची, डॉटची, साइट लावणारे, मायनरच असतात), गोळी चुकली तर उणे 10. समजा 12 गोळ्यांची स्टेज (मॅचमधला एक टप्पा) आहे, सगळे ए म्हणजे 60 पॉइंट, वेळ 8 सेकंद, तर हिट फॅक्टर 7.5. आता तुम्ही जरा ढिलं सोडलं, चार सी झाले, 52 पॉइंट पण वेळ 6.5 सेकंद, तर हिट फॅक्टर 8. म्हणजे कमी पॉइंट घेऊन तुम्ही पुढे! हे बघून लोक खूश होतात आणि झाडत सुटतात. पण एक गोळी पूर्ण चुकली की 5 गेले वर 10 कापले, 15 पॉइंट, 7.5 च्या हिशोबाने ते झाले 2 सेकंद. बोट फास्ट करून दोन सेकंद वाचवायला तुम्हाला पूर्ण दिवाळीची माळ लावावी लागेल. म्हणून एखादा सी झाला तर चालतो, मिस चालत नाही. लांबच्या, अवघड, हिट फॅक्टर कमी असलेल्या स्टेजला तर सी पण महाग पडतो, 4 चा हिट फॅक्टर असेल तर एक सी म्हणजे अर्धा सेकंद गेला.

आता माझीच जुनी वही उघडतो. एल प्रेसिडेंटे ही जुनी प्रसिद्ध ड्रिल आहे, 10 यार्डावर तीन टार्गेट, तुम्ही पाठ करून उभे, बीप झाला की वळायचं, पिस्तूल काढायचं, प्रत्येकाला दोन, मॅगझिन बदलायचं, परत प्रत्येकाला दोन. माझी वेळ होती 7.40. त्यात वळून पहिली गोळी 1.9, एकाच टार्गेटवरच्या दोन गोळ्यांमधलं अंतर (ह्याला स्प्लिट म्हणतात) 0.25, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जायला (हे ट्रान्झिशन) 0.45, आणि रीलोड 2.2. मी वर्षभर काय केलं, तर स्प्लिट कमी करायच्या मागे लागलो. सहा स्प्लिट आहेत, 0.25 चे 0.20 केले तरी एकूण वाचले 0.3. बास. आणि तेवढ्यासाठी दुसरी गोळी प्रत्येक वेळी सी ला. मग एका जुन्या मास्टर क्लासवाल्या काकांनी टायमर माझ्या हातातून घेतला, सगळे आकडे कागदावर मांडले आणि म्हणाले, स्प्लिटला हातच लावू नकोस. पहिली गोळी 1.6 कर, ट्रान्झिशन 0.32 कर, रीलोड 1.6 कर. बेरीज केली तर 5.98. जवळजवळ दीड सेकंद, आणि बोट होतं तेवढंच!

तर हे तीन, आणि ते तिन्ही घरी होतात, एकही गोळी न उडवता. ह्यालाच ड्राय फायर. पण आधी नियम, ह्यात चेष्टा नाही: गोळ्या दुसऱ्या खोलीत, मॅगझिन रिकामी, चेंबर डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, परत एकदा बघा. इथल्या घरांच्या भिंती म्हणजे पुठ्ठा, पलीकडे लेकरं झोपलेली असतात. आणि सराव संपला की संपला, गोळ्या भरल्यावर "अजून एकदाच" नाही. ह्या "अजून एकदाच"नेच लोकांचे टीव्ही फुटलेत.

टार्गेट एक तृतीयांश साइजचं प्रिंट करा, 10 फुटांवर लावा, ते 10 यार्डावरच्या खऱ्या टार्गेटएवढंच दिसतं. टायमरवर पार टाइम लावा, म्हणजे दोन बीप होतात, दुसऱ्या बीपच्या आत काम झालं पाहिजे. आधी असा वेळ लावा की दहातले दहा जमतात, मग 0.1 ने कमी करत जा, जिथे दहातले सहा-सातच जमायला लागले तिथे थांबा आणि तिथेच आठवडाभर रहा. रोज 15 मिनिटं पुरे. तासभर करणारे तिसऱ्या दिवशी बंद करतात, मी केलंय. आणि स्वतःला फसवू नका, डॉट ए झोनमधे दिसायच्या आधी ट्रिगर दाबला तर ती खेप धरायची नाही.

ट्रान्झिशनचं म्हणाल तर आधी डोळे, मग पिस्तूल. खो-खो खेळलेल्यांना पटकन कळेल, चौकात बसलेला गडी खो मिळायच्या आधीच बघून ठेवतो की पळणारा कुठे आहे, खो पडल्यावर शोधत बसत नाही. तसंच इथे, शेवटची गोळी सुटली की नजर झटकन पुढच्या टार्गेटच्या मधल्या एका छोट्या ठिपक्यावर, सगळ्या खाकी पुठ्ठ्यावर नाही, आणि पिस्तूल आपोआप तिथे येतं. मी डॉटकडे बघत बघत पिस्तूल ओढत न्यायचो, त्यामुळे ते पुढे जाऊन परत मागे यायचं, त्यातच 0.1 जायचा. दुसरं म्हणजे खांदे आणि उजवा हात आवळलेला. पकड डाव्या हाताने घट्ट, उजवा ढिला, नाहीतर बोट अडकतं, ट्रिगर पुढे सुटतच नाही आणि तुम्ही वेड्यासारखे दाबत राहता.

मोठ्या स्टेजमधे तर गोळ्या मारायचा वेळ अजूनच कमी असतो. वीस सेकंदांच्या स्टेजचा व्हिडिओ बघा (बायकोला किंवा स्क्वॉडमधल्या, म्हणजे मॅचमधे बरोबर फिरणाऱ्या गटातल्या, कुणालाही फोन द्या), आणि मोजा की गोळी न सुटता किती वेळ गेला. माझ्या एका स्टेजमधे पोझिशनला पोचल्यावर मी पिस्तूल छातीपाशी घेऊन थांबलो, पाय जमवले, मग हात लांब केले, मग डॉट शोधला, मग मारली, 0.8 सेकंद नुसतं स्थिरस्थावर होण्यात, जणू पाहुण्यांकडे चहाला आलोय. पोचायच्या दोन पावलं आधीच पिस्तूल डोळ्यासमोर पाहिजे, गुडघे वाकलेले, आणि टार्गेट दिसलं की पाय टेकता टेकता पहिली गोळी. निघताना उलटं, शेवटची गोळी मारायच्या आधीच वजन पुढच्या दिशेच्या पायावर. रीलोड पहिल्याच पावलाला, मधे कुठेतरी नाही.

आता डोक्याचं. "स्लो इज स्मूथ, स्मूथ इज फास्ट" हे प्रत्येक रेंजवर कुणीतरी ऐकवतंच. माझं स्पष्ट मत, हळू केलं की हळू करायची सवय लागते, एवढंच. पण उलटंही खरं, मॅचमधे "आज फास्ट मारायचं" असं ठरवलं की वाट लागते. म्हणून दोन दिवस वेगळे ठेवायचे. सरावात एक दिवस मुद्दाम झेपणार नाही इतकं फास्ट, मिस होऊ देत, काय तुटतंय ते बघायचं, पकड का नजर का पाय. दुसऱ्या दिवशी फक्त जेवढं दिसतंय तेवढंच मारायचं, टायमर बघायचाच नाही. मॅचमधे हा दुसरा माणूस गेला पाहिजे, पहिला घरी.

स्टेज बघायला जी पाच मिनिटं मिळतात त्यात गप्पा मारू नका. कुठून काय दिसतं, कितव्या गोळीला रीलोड, नो-शूट (ज्याला मारायचं नाही असं टार्गेट) कुठे, हे ठरवा आणि मग बदलू नका, दुसऱ्याने वेगळा प्लॅन केला तरी नाही. डोळे मिटून दहा वेळा पूर्ण स्टेज चालवा, डॉट कुठल्या टार्गेटवर कसा दिसेल इथपर्यंत. पाच जण आधी मारणार असतील तर टार्गेटला टेप लावायचं काम त्यांच्यानंतर करा पण आपल्या आधीच्या दोघांच्या वेळी बाजूला व्हा, स्क्वॉडवाले समजून घेतात. "मेक रेडी" म्हटल्यावर माझं ठरलेलं आहे: पहिल्या टार्गेटवर एकदा पिस्तूल रोखून डॉट बघायचा, लोड, होल्स्टर, एक लांब श्वास, आणि मनात फक्त पहिल्या टार्गेटचा ठिपका. जिंकायचं, हरायचं, मागच्या स्टेजला काय झालं, काही नाही. बीपनंतर विचार करायला काही शिल्लक राहायलाच नको.

मारताना एकच प्रश्न, गोळी सुटली तेव्हा डॉट कुठे होता? तो उडताना दिसला तर गोळी कुठे गेली हे टार्गेट न बघता कळतं. डी ला गेली वाटलं तर लगेच अजून एक मारा आणि विसरा. टार्गेटवर भोकं शोधत बसलात की वेळ गेलाच. आणि मॅच संपेपर्यंत फोनवर स्कोअर उघडायचा नाही, मला हे पाळायला फार जड गेलं.

एकदा दोन चांगल्या स्टेज झाल्यावर मी स्कोअर बघितला, दुसरा होतो, अंगात आलं. पुढच्या स्टेजला डावीकडे पळता पळता रीलोड करायचा होता. उजव्या हाताचा माणूस डावीकडे पळतो तेव्हा अख्खं शरीर डावीकडे वळतं आणि रीलोडला पिस्तूल तिरकं झालं की नळी 180 च्या रेषेपाशी (आपल्या डाव्या-उजव्या बाजूंनी जाणारी रेषा, नळी तिच्या मागे गेली की बाद) जाते, हे मी नवख्यांना स्वतः शिकवतो. पाय पळायचे, पण नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच राहिली पाहिजे. माझी नाही राहिली. आरओ (रेंज ऑफिसर) ओरडला "स्टॉप", दिवस संपला, डीक्यू, म्हणजे डिसक्वालिफाय, बाद. चूक माझीच, वाद घातला नाही. इथे पद्धत आहे, डीक्यू झालेल्याने डेअरी क्वीन ह्या आइस्क्रीमच्या दुकानात जायचं, आद्याक्षरं तीच म्हणून. पिस्तूल बॅगेत घातलं, स्क्वॉडबरोबर शेवटपर्यंत टेप लावली, आणि येताना हायवेवर गाडी थांबवून एक मोठं आइस्क्रीम घेतलं.