लार्ज फॉरमॅटला सुरुवात करताय? आधी एक्स-रे फिल्म आणा

लार्ज फॉरमॅट म्हणजे रोलऐवजी एकेक मोठी सुटी फिल्म, म्हणजे शीट, वापरणारा कॅमेरा. मी सुरुवात उलट्या बाजूनं केली. जुना फोर बाय फाइव्ह इंची कॅमेरा, 150 मिलिमीटरची लेन्स, चार होल्डर (दोन-दोन शीट बसणाऱ्या चपट्या चौकटी) आणि एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मचा 25 शीटचा डबा एवढं जमवलं आणि पहिल्याच रविवारी साताऱ्याहून लिंबची बारा मोटेची विहीर गाठली. बरोबर आठ शीट होत्या. रात्री धुतल्या तेव्हा कामाची एकच निघाली. दोन पार काळ्या, कारण फोकससाठी उघडलेलं शटर बंद न करताच डार्क स्लाइड, म्हणजे होल्डरमधल्या फिल्मवरचं सरकतं झाकण, ओढली होती. एकीवर दोन चित्रं, आणि ज्या शीटवर त्यातलं दुसरं यायचं ती कोरी. तीन तर होल्डरमध्ये उलट्या भरल्या होत्या. त्या रात्री झोप लागली नाही. फिल्म महाग, डबा परदेशातून आलेला, परत कधी मिळेल कोण जाणे.

आमच्या पेठेत पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काका आहेत. हाफ प्लेटच्या लाकडी कॅमेऱ्यावर त्यांनी बरीच वर्षं काम केलंय. माझ्या निगेटिव्ह एकेक करून त्यांनी खिडकीपुढं धरल्या आणि म्हणाले, "फिल्म महागाची असली की हात बसत नाही रे. वाया घालवता येईल अशी आण."

तशी फिल्म म्हणजे एक्स-रेची. मेडिकल मालाच्या दुकानात विचारा. आमच्याकडं नाही मिळाली तर मिरजेला चौकशी करायची, तिथं दवाखान्यांना तोटा नाही. मागताना नीट सांगा: ट्रेमध्ये किंवा टाकीत धुवायची जुन्या पद्धतीची, ग्रीन सेन्सिटिव्ह (हिरवा प्रकाश टिपणारी), 8 बाय 10 इंची. डिजिटल एक्स-रेच्या प्रिंटरमध्ये घालतात ती ड्राय फिल्म आपल्या कामाची नाही. एका शीटचे चार तुकडे होतात, पण बरोबर 4 बाय 5 इंच कापलात तर तुकडा होल्डरच्या खाचेत जात नाही. लांबी आणि रुंदी दोन्ही साधारण दीड मिलिमीटर कमी ठेवावी लागते. हे मला समजलं तोवर लाल दिव्याखाली मी बारा तुकडे कापून बसलो होतो. सगळे परत छाटले.

लाल दिवा लावता येतो, हीच या फिल्मची खरी देणगी. तिला लाल रंग दिसत नाही. एचपी5 किंवा तिच्यासारखीच एफपी4 सगळे रंग बघते, त्यामुळं ती भरायची आणि धुवायची मिट्ट काळोखात. नवशिक्याला तिथं काय चुकलं ते कळतच नाही. एक्स-रे फिल्म डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) टाकल्यावर मिनिटभरात आधी आकाश काळं पडायला लागतं, मग भिंतीच्या कडा उमटतात, मग सावलीतल्या पायऱ्या. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ट्रे हलवायचंच विसरलो, आणि त्या शीटवर पट्टे उठले. तरी ती मी जपून ठेवलीय.

तिचे दोष माहीत असू द्या. दोन्ही बाजूंना मसाला (प्रकाश टिपणारा थर) असतो आणि तो ओला असताना फार मऊ, नख लागलं तरी ओरखडा. ट्रेच्या तळाशी काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट धुवा. लाइट मीटरवर आयएसओ 80 धरून सुरुवात करा. कासचा जांभा तिच्यावर जवळजवळ काळा येतो, निळं आकाश पांढरं फटक. मला ते आवडतं.

डेव्हलपर घरीच करा. डी-23 मध्ये दोनच पदार्थ: मेटॉल 7.5 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100 ग्रॅम, सगळं मिळून एक लिटर. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते विरघळलं की उरलेलं सल्फाइट. क्रम चुकला तर मेटॉल विरघळत नाही. एक्स-रे फिल्मला निम्मं पाणी घालून वापरा, नाहीतर कॉन्ट्रास्ट भडकतो. मेटॉलनं काहींच्या हाताला ॲलर्जी येते, हातमोजे घालाच. भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली अजिबात नकोत. वापरलेल्या फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नका, कॅनमध्ये साठवा.

हात बसला की एफपी4 प्लस घ्या. न्हाणीघरात दिवा बंद करून दहा मिनिटं नुसते बसा. डोळे सरावले की दाराखालची फट दिसते, गीझरचा बारीक लाल दिवाही दिसतो. मला तो तिसऱ्या महिन्यात दिसला. शीटच्या कडेला खाचा असतात. शीट उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या, तर मसाल्याची बाजू तुमच्याकडं आहे. होल्डर भरला की डार्क स्लाइडची पांढरी बाजू बाहेर, फोटो काढल्यावर काळी बाहेर.

एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. आयडी-11 हा डेव्हलपर एकास एक पाणी घालून केला तर एफपी4 ला 20 अंशाला 11 मिनिटं लागतात, 24 अंशाला साधारण साडेसात-आठ. त्याहून गरम पाण्यात वेळ फार कमी होतो आणि डाग पडतात. मी माठातलं पाणी वापरतो, आणि ट्रे परातीत ठेवून भोवती बर्फाची पिशवी. बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यात करा.

एक्स्पोजरचा अंदाज यायला एकच शीट पुरते. डार्क स्लाइड पूर्ण काढून एक सेकंद द्या. मग ती पाव भाग आत सरकवून पुन्हा एक, आणखी पाव सरकवून दोन, आणखी पाव सरकवून चार. एकाच निगेटिव्हवर 1, 2, 4, 8 सेकंदांचे पट्टे मिळतात. जवळून काढताना भाता (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाग) लांबतो, तेव्हा भात्याची लांबी भागिले फोकल लेंग्थ, त्याचा वर्ग, इतक्या पट वेळ द्यायचा. 150 च्या लेन्सला भाता 300 वर गेला तर चौपट वेळ.

वाऱ्याचं मात्र काही करता येत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर भाता शिडासारखा फुगला आणि तीन पायांवरचा कॅमेरा थरथरत राहिला. मी काळं कापड गुंडाळून होल्डर न उघडता परत आलो. आता तिकडं जायचं तर पहाटे, वारा पडलेला असताना.

परवा पुन्हा लिंबला गेलो होतो. चार शीट नेल्या. विहिरीच्या तोंडाशी उभं राहून प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हटलं: शटर बंद, होल्डर आत, स्लाइड बाहेर. चारही निगेटिव्ह आत्ता दोरीवर वाळतायत.