पंखांचा कल कसा मोजावा आणि त्यावरून विमान कसे ओळखावे

विमानाचा वरून दिसणारा आराखडा, पट्टी, कोनमापक आणि कॅल्क्युलेटर घ्या. पंख मागे का झुकवतात, हे एकदा स्वतः मोजलं की पक्कं डोक्यात बसतं.

१. कोन मोजा. धडाच्या मधोमध रेषा काढा, तिला काटकोनात दुसरी. पंखाच्या बुंध्याशी आणि टोकाशी, पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर खुणा करून त्या जोडा. ही रेषा काटकोनातल्या रेषेशी जो कोन करते, तो स्वीप. पुढच्या कडेवरून मोजू नका. निमुळत्या पंखात तो कोन जास्त येतो. बोइंग ७३७ चा स्वीप सुमारे २५ अंश, ७४७ चा ३७.५.

२. वेगाला कोसाइनने गुणा. ७४७ साधारण ०.८५ मॅकने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पटीने उडतं. ३७.५ अंशांचा कोसाइन ०.७९, म्हणजे गुणाकार ०.६७. पंखावरचा दाब ठरतो तो कडेला काटकोनात येणाऱ्या हवेवरून. पंखाच्या लांबीने सरकणारी हवा त्यात भर घालत नाही. म्हणून पंखाच्या पाठीवरच्या शॉक वेव्ह (हवेच्या दाबातल्या अचानक उड्या) आणि त्यांच्यामुळे एकदम वाढणारा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, लांबणीवर पडतो. जर्मन संशोधक अडॉल्फ बुझेमान यांनी १९३५ साली रोमच्या परिषदेत ही कल्पना स्वनातीत वेगासाठी मांडली होती. प्रत्यक्षात फायदा या आकड्यापेक्षा कमीच मिळतो, कारण बुंध्याशी आणि टोकाशी प्रवाह वळतो.

३. आता किंमत काढा. कोसाइनचा वर्ग करा: ०.६३. त्याच वेगाला पंखाची लिफ्ट (विमान वर उचलणारा जोर) देण्याची कमाल क्षमता ढोबळमानाने एवढीच उरते. उतरताना हे फार जाणवतं, म्हणून जुन्या ७४७ ला तीन फटींचे प्रचंड फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणारी पाती) आहेत.

४. टोकं तपासा. माझ्या मते खरी गोम इथे आहे. पृष्ठभागालगतची मंदावलेली हवा टोकाकडे सरकून तिथे साचते आणि टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे तिथली लिफ्ट एकदम घटते. विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या एलरॉन झडपा तिथेच असल्याने कललेलं विमान सावरणं अवघड होतं. शिवाय टोकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात. तिथली लिफ्ट गेली की नाक वर उचलतं आणि स्टॉल आणखी वाढतो. मिग-१५ या लढाऊ विमानाच्या पंखांवरच्या उभ्या पट्ट्या हा प्रवाह अडवण्यासाठीच आहेत. टोकाकडे पंखाला दिलेला खालचा पीळही त्यासाठीच, पण तो वरच्या आराखड्यात दिसत नाही.

५. संथ विमानाशी ताडून पाहा. एटीआर ७२ चे पंख जवळजवळ सरळ आहेत. त्याच्या वेगाला शॉक वेव्हची अडचणच नाही, मग लिफ्ट कशाला गमवायची?

जमल्यास एफ-१४ हे लढाऊ विमान घ्या. त्याचे पंख उडताना २० ते ६८ अंश फिरत. कोसाइनचा वर्ग २० अंशांना ०.८८ येतो, ६८ ला ०.१४; उतरताना वैमानिक पंख पुढे का आणत, ते या दोन आकड्यांत आहे.